जटपुरा गेटचे परराष्ट्र खाते

चंद्रपुरात जागतिक राजकारणाचा निकाल सकाळी सात ते साडेनऊच्या दरम्यान लागतो. मे महिन्यात जरा आधीच, कारण नंतर टपरीचे बाक तापते आणि तापल्या बाकावर बसून अमेरिकेचा निषेध करणे ऐंशीच्या घरातल्या माणसाला झेपत नाही. गोंड राजांच्या परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा असे चार दरवाजे. त्यांतल्या जटपुरा गेटजवळ आमचे परराष्ट्र खाते भरते. मात्र हे खाते एकाच जागचे नाही. बल्लारपूर, घुग्गुस, माजरी, राजुरा, ब्रह्मपुरी, वडसा, कुठेही उतरा. टपरी सापडते, बाक सापडते आणि बाकाच्या डाव्या टोकाला रशियावाला सापडतोच.

तो ओळखायला सोपा आहे. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, तोंडात खर्रा. खर्ऱ्यामुळे त्याच्या भाषणाच्या पहिल्या दोन वाक्यांतले फक्त स्वर ऐकू येतात, व्यंजने तो थुंकून आल्यावर. कोळसा खाणीत हेड क्लार्क म्हणून नोकरी झाली, लाल झेंड्याच्या युनियनमध्ये पावत्या फाडून झाल्या, आता वेकोलिची, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सची, पेन्शन चालू आहे. सगळे गाव त्याला कॉम्रेड म्हणते. बायकोही म्हणते, पण फक्त गॅस सिलिंडर संपल्यावर.

घराणे मालगुजाराचे. आजोबांच्या नावावर अख्खे गाव होते, तलाव होता, आमराई होती. 1951 मध्ये मालगुजारी गेली. गाव गेले, तलाव सरकारजमा झाला, आणि पुढे काही वर्षांनी घरातल्या या धाकट्याला खासगी मालमत्ता म्हणजे चोरी, असा साक्षात्कार झाला. धानाची बारा एकर जमीन मात्र वाटणीत राहिली होती. तेवढी चोरी त्याने आजवर जिवापाड सांभाळली आहे. जमीन बटईने दिलेली असते. बटईदार हिस्सा वाढवून मागायला आला की कॉम्रेड त्याला पाटावर बसवतो, चहा पाजतो आणि वस्तुगत परिस्थिती अजून परिपक्व झाली नसल्याचे समजावून सांगतो. बटईदाराच्या बापालाही हेच सांगितले होते.

रशिया या माणसाच्या आयुष्यात क्रांतीच्या वाटेने आला नाही, टपालाने आला. 'सोव्हिएत देश' हे नियतकालिक मराठीत निघायचे. वर्गणी नाममात्र, कागद आरशासारखा. विदर्भातल्या एका पिढीने त्या कागदाची वह्यांना कव्हरे घातली, आणि गणितात नापास होणाऱ्या कितीतरी पोरांच्या वहीवर ट्रॅक्टर चालवणारी, लाल गालांची, सदैव हसणारी बाई असायची. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात दोन-तीन रुपयांत विटेएवढे जाड पुस्तक मिळायचे. कॉम्रेडकडे लेनिनचे खंड आहेत. पहिल्या खंडात चव्वेचाळिसाव्या पानावर खूण म्हणून एस.टी.चे चंद्रपूर-मूल तिकीट आहे. खूण तिथून पुढे सरकलेली नाही, पण मागेही गेलेली नाही. यालाच तो निष्ठा म्हणतो.

रशियावाला एकटा असू शकत नाही. बाकाच्या उजव्या टोकाला अमेरिकावाला लागतो. त्याला सगळे शेठ म्हणतात. दोघे एका वर्गातले, एका बाकावरचे, त्यामुळे एकमेकांना 'तू' म्हणतात आणि प्रसंगी त्याहून खालचे. शेठ तेंदूपत्त्याचा जुना ठेकेदार. सरकारने धंद्यात पडू नये, बाजाराला बाजाराचे काम करू द्यावे, हा त्याचा सिद्धांत. त्याच्या बापाने तेंदूपत्त्यातच पैसा मिळवला होता. 1969 च्या कायद्याने हा व्यापार सरकारच्या ताब्यात आला आणि शेठने त्यानंतरचे सगळे हंगाम वन खात्याच्या लिलावात टेंडर भरण्यात घालवले. खुल्या बाजारावर त्याची जी अढळ श्रद्धा आहे ती सरकारी कचेरीच्या व्हरांड्यात बसून बसून पक्की झालेली आहे. अमेरिकेचा पुरावा म्हणून त्याच्याकडे 'स्पॅन' मासिकाचे गठ्ठे आणि अजून चालणारा एक जुना फ्रिज आहे. फ्रिज मुंबईचा आहे, हे त्याला सांगायचे नसते.

आता यांचे भांडण. ते रोज नव्याने होते, पण तालीम झालेल्या नटांसारखे. झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडईला रात्रभर नाटके चालतात, तिथल्या प्रेक्षकाला पुढचे वाक्य पाठ असते आणि तरी तो उठत नाही. इथलेही तसेच.

"अमेरिकेनं आपल्याले काय देल्लं?" कॉम्रेड सुरू करतो. "मिलो. लाल ज्वारी. रांगेत उभं राहून घेतली, अन् भाकर थापली तं आजी म्हने, हे जनावराचं खानं हाये."

"खाल्ली का नाई? खाऊनच वाढला ना बे तू?"

"अन् त्यांच्या गव्हात गाजर गवत आलं त्याचं काय? अख्ख्या देशाले खाज सुटली."

गाजर गवताचा मुद्दा निघाला की शेठ सरसावतो, कारण इथे त्याचा अभ्यास आहे. अमेरिकी गव्हाचा पीएल-480 करार ऑगस्ट 1956 चा. आणि गाजर गवत पुण्यात दिसले ते त्याच्या आधी, 1955 च्या सुमारास. म्हणजे जहाज निघण्यापूर्वीच बी उगवले? कॉम्रेड क्षणभर गप्प होतो. मग त्याला आठवते की 1951 मध्येही अमेरिकेने कर्जाऊ गहू दिला होता. "त्याच्यात आलं असंल!" आणि सामना बरोबरीत सुटतो. मी हा वाद ऐकत आलो आहे आणि माझे प्रामाणिक मत असे की, आमच्या विद्यापीठांतल्या कितीतरी परिसंवादांपेक्षा तो बरा आहे. निदान दोघांना तारखा येतात.

कॉम्रेडचा हुकमी एक्का भिलाई. गडचिरोलीच्या पूर्वेला सीमा ओलांडली की ते आलेच. 1955 मध्ये रशियाशी करार, 1959 मध्ये पहिली भट्टी पेटली. "चार वर्षांत! आपली नगरपालिका चार वर्षांत नाली पूर्न करत नाई." नंतर बोकारो. अमेरिकेकडे मदत मागितली, तर 1963 मध्ये जनरल क्ले यांच्या समितीने सरकारी मालकीच्या पोलाद कारखान्याला पैसा देऊ नये असे सुचवले. शेवटी तोही रशियाच्या मदतीने उभा राहिला. इथे शेठ बोर्लॉगचा गहू काढतो, कॉम्रेड मुंबईची आयआयटी काढतो, शेठ कानपूरची काढतो. चंद्रपूरच्या या बाकावर दोन आयआयटी रोज आपटतात. दोघांपैकी एकाचाही पोरगा दोन्हीकडे लागला नाही.

1962 चा विषय कॉम्रेडला आवडत नाही. तो निघाला की शेठ फॉर्मात असतो. 20 नोव्हेंबरला चांद्याचे, म्हणजे चंद्रपूरचेच, मारोतराव कन्नमवार महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि दुसऱ्याच दिवशी चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली. या दोन घटनांत शेठला थेट कार्यकारणसंबंध दिसतो. "माओले समजलं, आता चांद्याचा मानूस बसला हाये."

चीनमुळे बाकाचेही नुकसान झाले. पूर्वी बाकावर तिसरा होता. 1964 मध्ये कम्युनिस्ट पक्ष फुटला, तो तिसरा चीनकडे झुकला आणि उठून रस्त्यापलीकडच्या टपरीवर गेला. रस्ता पंचवीस पावलांचा, पण नंतर कॉम्रेडने मुलीच्या लग्नाची पत्रिका त्याला पोस्टाने पाठवली. 2022 च्या फेब्रुवारीत पुतिन आणि शी जिनपिंग यांनी अमर्याद मैत्रीची घोषणा केली तेव्हा कॉम्रेड पेपर घेऊन रस्ता ओलांडायला निघाला. ती टपरी रस्तारुंदीकरणात केव्हाच गेली होती.

कॉम्रेडचा खरा सण 9 ऑगस्ट. सगळा देश त्या दिवशी क्रांतिदिन पाळतो. कॉम्रेड 1971 चा भारत-सोव्हिएत मैत्री करार पाळतो. पुढे डिसेंबरात सातवे आरमार बंगालच्या उपसागरात शिरले आणि रशिया आपल्या बाजूने उभा राहिला, ही कथा तो सत्यनारायणाच्या पोथीसारखी सांगतो, अध्यायवार. तोच दिवस जागतिक आदिवासी दिनही आहे. ढोल वाजवत, झेंडे घेऊन गोंड पोरापोरींची मिरवणूक गेटातून जाते. कॉम्रेड उभा राहून मूठ वर करतो. पोरेही हात हलवतात. कराराबद्दल कुणाला काही माहीत नसते.

1973 हे त्याचे सुवर्णवर्ष. 1 एप्रिलला व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, 1 मे रोजी उरलेल्या खासगी कोळसा खाणी राष्ट्रीयीकृत झाल्या. "एका मयन्यात वाघ अन् कोयसा, दोन्ही सरकारजमा!" असे तो अभिमानाने सांगतो. शेठचे उत्तर तयार असते. कोळसा सरकारच्या हातात गेला आणि कॉम्रेड अकराला कामावर जाऊ लागला. वाघ सरकारच्या हातात गेला आणि तो आता वीज केंद्राच्या आवारात फिरतो. यात पहिला आरोप खोटा आहे. कॉम्रेड साडेदहाला जायचा.

मग 1991. जुलैत मनमोहनसिंगांचा अर्थसंकल्प आला आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. शेठने पेढे आणले. असे प्रसंग माणसाची पारख करतात. कॉम्रेडने पेढा घेतला, खाल्ला आणि म्हणाला, "पक्ष चुकला. इच्यार नाई चुकला." दुसरा पेढा घेतला. "नेतृत्व चुकलं, जनता नाई चुकली." पेढे संपेपर्यंत एकेक जण सुटत गेला, शेवटी चुकलेला फक्त गोर्बाचेव्ह उरला. शेठला मात्र त्या दिवशी म्हणावा तसा आनंद झाला नाही. आठवडाभर तो टपरीवर आला आणि पेपर उलटा-सुलटा करून गेला. शत्रू गेला की माणसाचे काय करायचे, याची तरतूद खुल्या बाजारात नसते.

या दोघांत बोलणारा तिसरा एकच आहे, तो टपरीवाला. त्याच्या मागच्या फळीवर बाबासाहेबांचा फोटो. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात दीक्षा झाली, आणि 16 ऑक्टोबरला बाबासाहेब चंद्रपूरला आले. इथेही दीक्षाभूमी आहे, दर ऑक्टोबरात तिथे गर्दीला पार नसतो. नंतर महिनाभराने काठमांडूला ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांवर बोलले. टपरीवाल्याला हे सगळे तोंडपाठ आहे. दोघे फार तापले की तो दूध ढवळता ढवळता म्हणतो, "बाबासाहेब अमेरिकेत शिकले, मार्क्सबी वाचला, अन् मंग इथं येऊन तिसरंच सांगतलं. तुमी दोघं अजून पयल्या धड्यावर." यावर दोघेही गप्प. विचार पटतो म्हणून नव्हे. दोघांचीही त्याच्याकडे उधारी आहे.

इथपर्यंत हसायला हरकत नाही. पण वैनगंगा ओलांडून पूर्वेला गेले की हा खेळ बाकावर राहत नाही. 1980 च्या सुमारास पीपल्स वॉर या नक्षलवादी गटाची दलमे तेलंगणाच्या बाजूने सिरोंचा-अहेरीच्या जंगलात उतरली. गडचिरोली तेव्हा चंद्रपूरचाच भाग, जिल्हा वेगळा झाला तो 26 ऑगस्ट 1982 ला. तेंदूपत्ता तोडणाऱ्याची आणि कागद कारखान्यासाठी बांबू कापणाऱ्याची मजुरी त्यांच्या धाकाने वाढली, हे खरे. पुढे खबऱ्या म्हणून गावातलीच माणसे मारली गेली, पोलीस मारले गेले, पोलिसांकडून मारले गेले ते तिसरे, आणि माडिया-गोंडांची गावे दोन्हीकडच्या चौकशीच्या मध्ये उभी राहिली, हेही तितकेच खरे. ज्या माओचे नाव भिंतींवर लाल रंगात लिहिले जात होते त्याच्या देशाने 1978 च्या अखेरीपासूनच बाजाराची दारे उघडायला घेतली होती. ती बातमी भामरागडला पोचली नाही.

या विषयावर कॉम्रेडचा आवाज बदलतो. "ते आमचे नोहे," एवढेच म्हणतो आणि खर्ऱ्याची पुडी सोडतो. शेठही जपून बोलतो. हंगामात जंगलात धंदा करणाऱ्याने त्या वर्षांत कुणाकुणाला काय दिले, हे कुठल्याच वहीत नसते. 2025 च्या ऑक्टोबरात भूपती या वरिष्ठ माओवादी नेत्याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शस्त्रे ठेवली. त्या सकाळी बाकावर वाद झाला नाही. टपरीवाल्याने सांगितले की दोघांनी एकच पेपर अर्धा अर्धा वाटून वाचला.

दोघांना खरा धक्का दिला तो धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या छोट्या गोंड गावाने. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये त्यांना अठराशे हेक्टरांहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तकच ग्रामसभेच्या हाती आले. 2013 मध्ये गावाने ग्रामदान करून सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे केली. कॉम्रेड उड्या मारू लागला: खासगी मालमत्ता संपली, हा समाजवाद! शेठने त्याला खाली बसवले: बांबू विकायला यांनी निविदा काढल्या, हा शुद्ध बाजार! शेवटी दोघे शेठच्या गाडीतून गावाला गेले, निकाल लावायला. तिथे ग्रामसभा चालू होती. त्या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, त्यामुळे सभेला वेळ लागतो. दोघांना दुपारी एकापर्यंत बसवले, चहा दिला आणि विचारले, "तुमचं काम काय होतं जी?"

काय सांगणार? परत येताना गाडीत कोणी बोलले नाही म्हणे. मला विचाराल तर कॉम्रेडची पंचाईत मोठी होती. कारण त्याच्या बारा एकरांचा प्रश्न कुणीही काढू शकला असता. शेठने काढला नाही, हा त्याचा मोठेपणा. पण कॉम्रेडने त्या वर्षी बटईदाराचा हिस्सा वाढवला. किती, ते तो सांगत नाही. बटईदार मात्र 'शेवटी एकदाचा' एवढे म्हणाला.

अलीकडे दोघांचेही दिवस वाईट आहेत. शेठच्या नातीला नीटमध्ये सरकारी जागेइतके गुण पडले नाहीत आणि इथल्या खासगी कॉलेजची फी ऐकून शेठसारख्या भांडवलदाराच्याही पोटात गोळा आला. नात रशियात एमबीबीएसला गेली. कॉम्रेडने ती बातमी बाकावर स्वतः जाहीर केली. "बघ, रशियानं तुही नात डाक्टर केली!"

"फुकट नाई केली. डॉलरमंदी फी घेते तुहा रशिया."

हे ऐकून कॉम्रेडचा चेहरा असा पडला की शेठलाच वाईट वाटले. त्यात 2025 चा ऑगस्ट आला. आपण रशियाचे तेल घेतो म्हणून अमेरिकेने भारतीय मालावरचे शुल्क पन्नास टक्क्यांवर नेले. खुल्या बाजाराची काशी दाराला कडी लावून बसली, आणि मजुरांची मायभूमी तेलावर सूट देऊन गिऱ्हाईक ओढू लागली. शेठ तावातावाने अमेरिकेला शिव्या देऊ लागला. कॉम्रेड तेलाचा भाव बॅरलमागे किती स्वस्त पडतो याचे गणित मांडू लागला. त्या आठवड्यात नवख्या माणसाला कोण कुठला ते कळले नसते.

यांच्या पोरांना यातले काही नको आहे. ती मोबाइलवर असतात आणि त्यांची भांडणे वेगळी आहेत. बाकावरचा हा माणूस आमच्या भागातून कमी होत चालला आहे. तो दुटप्पी आहे, हे मान्य. पण दूरच्या देशातल्या भट्टीसाठी, गव्हासाठी, करारासाठी साठ वर्षे पोटतिडकीने भांडायचे आणि त्यातून एका पैशाचा लाभ करून घ्यायचा नाही, हे सध्याच्या राजकारण्यांना जमणारे नाही. त्या हिशेबाने हे दोघे आमच्या जिल्ह्यातले सर्वांत स्वच्छ राजकारणी ठरतात.

चंद्रपूरला ताडोबासाठी येणारच असाल तर वाघाच्या आधी यांना पाहून घ्या. यांना बुकिंग लागत नाही. सकाळी आठच्या आत या. क्युबाचे नाव काढू नका, नाहीतर तुमची सफारी चुकेल. आणि बाकाच्या मध्ये बसू नका. मध्ये बसणाऱ्याला दोघेही पटवायला घेतात आणि तिन्ही चहांचे पैसे त्यालाच द्यावे लागतात.